जोडीची निवड

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या एक कागद घेऊन माझ्याकडे आला. दोन वर्षे शिकवण्या करून साठविलेल्या पैशांतून त्याला खेळांसाठी संगणक जुळवावयाचा होता, आणि त्या कागदावर सुट्या भागांची यादी होती. यादीतला प्रोसेसर सर्वांत महागातला. ग्राफिक्स कार्ड मात्र उरल्यासुरल्या पैशांत बसेल ते. "काका, मेंदू बलवान असला म्हणजे बाकीचे सारे आपोआप होते ना?" त्याने विचारले. मला हसू आले. कारण काही वर्षांपूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नेमका हाच हिशेब करून मी फसलो होतो.

ही समजूत एके काळी खरीच होती. १९९३ साली 'डूम' हा खेळ आला, तेव्हा पडद्यावरचे प्रत्येक चित्र प्रोसेसरच रंगवीत असे. १९९६ मध्ये व्हूडू नावाचे कार्ड आले, १९९९ मध्ये एनव्हिडियाचे जीफोर्स २५६ आले, आणि चित्रकाराचा धंदा हळूहळू निराळा झाला. आज शत्रू कोठे उभा आहे, फेकलेला दगड कोठे पडेल, हे बहुधा प्रोसेसर ठरवितो आणि पुढील चित्रात काय काढावयाचे याची आज्ञा देतो. ती झेलून लक्षावधी बिंदूंना रंग देणे हे ग्राफिक्स कार्डाचे काम.

सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत दोघांनीही आपापला वाटा उरकला पाहिजे. एका जुवाला जुंपलेल्या बैलांपैकी एक कितीही तेज असला, तरी गाडी मंद बैलाच्याच चालीने चालते. माझ्या संगणकात नेमके हेच झाले होते. प्रोसेसर आज्ञा देऊन स्वस्थ बसे, आणि कार्ड धापा टाकीत मागून येई.

मग पैसा कोणावर अधिक खर्चावा? याचे उत्तर दुकानात नाही, आपल्या पडद्यात आणि आपल्या आवडीत आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. मोठ्या पडद्याने कार्डाचे कष्ट फार वाढतात, प्रोसेसरचे फारसे वाढत नाहीत. उलट, लहान पडद्यावर सेकंदाला १४४ चित्रे हवी असतील, किंवा शेकडो सैनिकांची हालचाल सांभाळणारे युद्धाचे खेळ आवडत असतील, तर प्रोसेसरची कसोटी लागते.

ज्यांच्या घरी जुना संगणक आहे, त्यांनी एक सोपी परीक्षा करावी. खेळातील चित्राचे बिंदू कमी करून पाहावेत. वेग वाढला तर कार्ड कमी पडत होते. वाढला नाही तर बहुधा प्रोसेसर. मग सारा संगणक टाकून देण्याचे कारण उरत नाही. २०२२ साली एएमडीने ९६ मेगाबाइट तिसऱ्या पातळीच्या कॅशचा रायझन ७ ५८००एक्स३डी विकावयास आणला. मूळ प्रणाली अद्ययावत केल्यावर तो कित्येक जुन्या मदरबोर्डांवरही बसे, आणि केवळ एक भाग बदलून अनेकांचे संगणक पुन्हा उमेदीने चालू लागले.

एवढे मात्र विसरू नये : कार्डाला पुरेल असा विश्वासू वीजपुरवठा आणि त्याच्या लांबीला पुरेशी पेटी हवी. या दोन गोष्टी यादीत शेवटी लिहिल्या जातात आणि पहिल्याने नडतात.

पुतण्याने कागद पुन्हा लिहिला. त्याचा पडदा मध्यम आकाराचा आणि आवड चित्रमय साहसकथांची; म्हणून त्याने मधल्या प्रतीचा प्रोसेसर घेतला आणि वाचलेले पैसे कार्डाकडे वळविले. एकूण रकमेत फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो वाटणीत. त्याचा संगणक आता सुरळीत चालतो, आणि माझा प्रोसेसर, बिचारा, अजून कार्डाची वाट पाहत बसला आहे.