सोपे कोडे, अवघड विचार



‘घराच्या आढ्यावर कोंबड्याने अंडे घातले, ते कोणत्या बाजूस घरंगळेल?’ हे कोडे घातले की भलीभली सुशिक्षित मंडळी छपराचा उतार आणि वाऱ्याची दिशा यांचा विचार करू लागतात. कोंबडा अंडे घालीत नाही, हे त्यांतील प्रत्येकाला ठाऊक असते. परंतु कान ‘अंडे’ ऐकतो आणि मन ‘कोंबडी’ गृहीत धरते. ‘कोणत्या महिन्यात २८ दिवस असतात?’ या प्रश्नाचेही तसेच. फेब्रुवारी हे उत्तर ओठांवर तयारच असते. वस्तुतः २८ दिवस १२ही महिन्यांत असतात.

विचारलेला प्रश्न रास्तच असणार आणि कोड्याचे उत्तर अवघडच असणार, या दोन समजुतींवर कोड्याची सारी करामत उभी असते. येथे फसगत होते ती अज्ञानामुळे नव्हे, सवयीमुळे.

मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग हेच दाखवितात. तीन भांड्यांच्या साहाय्याने ठरावीक पाणी मोजावयाचे होते. आरंभीची उदाहरणे एकाच लांबलचक रीतीने सुटत. पुढे २३, ४९ आणि ३ मापांची भांडी देऊन २० मापे पाणी मागितले. २३ मधून ३ काढले की काम झाले. तरी अनेकांनी ४९ मधून आधी २३ आणि मग दोनदा ३ वजा केले. काहींना मध्येच कागदावर ‘आंधळे होऊ नका’ असे लिहावयास सांगितले, तेव्हा त्यांतील अनेकांना जवळची वाट दिसली.

वर्गातही हेच घडते. एकाच रीतीची उदाहरणे घोटून घेतलेला विद्यार्थी पुढचा प्रश्न वाचण्याआधीच सोडवू लागतो. ज्या मुलाला सरळ उत्तर दिसते, ते ‘इतके सोपे कसे असेल?’ या धास्तीने हात वर करीत नाही. दुसऱ्या मुलाचे नुकसान अधिक मोठे, कारण ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून पालकांनी ‘उत्तर किती आले?’ यापूर्वी ‘प्रश्नात नेमके काय म्हटले आहे?’ असे विचारावे. मराठी मुलखापासून दूर वाढणाऱ्या मुलांना ‘कोंबडा’ आणि ‘कोंबडी’ यांतील अखेरच्या स्वराचा भेद कानाने टिपता यावा, यासाठी घरात मराठी कोडी घालीत राहावे. उत्तराची घाई करू नये. आणि सोपे उत्तर देणाऱ्या मुलाला कोणीही हसू नये.