यंत्र बंद कोणी केले?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



आज मी पगार, बोनस किंवा पेन्शनवर बोलणार नाही. बोलायचे आहे ते आपल्या टेबलावरील संगणक बंद करण्याबद्दल. विषय लहान वाटेल. पण यावरून कर्मचाऱ्यांकडे लेखी खुलासे मागितले जातात, म्हणून तो युनियनचा विषय आहे.

प्रकार असा घडतो. संध्याकाळी हिशेब जुळवून कारकून संगणक बंद करतो व घरी जातो. रात्री दूरच्या शहरातील सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर त्या यंत्रात दुरुस्ती भरायला बसतो, तर यंत्र सापडतच नाही. सकाळी मेमो येतो. याच्या उलटही घडते. खिडकीसमोर रांग आहे, पासबुक हातात आहे आणि पडद्यावर सूचना झळकते की यंत्र आता बंद होत आहे. हुकूम दुरून आलेला; अर्धवट नोंदीचा जाब मात्र खिडकीवरच्या माणसाला.

प्रशासनाची गरज खोटी नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा विषाणू जगभर पसरला. त्याला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्या यंत्रांत ती भरलेली नव्हती, तेथे तो शिरला. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांचे काम अडले, जर्मन रेल्वेच्या स्थानकांवरील फलक बिघडले. तेव्हा दुरुस्ती वेळेवर भरली पाहिजे, हे आपल्यालाही मान्य आहे.

पण बंद यंत्र म्हणजे कामचुकारपणा, हे मान्य नाही. निघताना दिवे-पंखे बंद करा, मेन स्विच पाडा, वीज वाचवा, आगीचा धोका टाळा, हे आपल्याला प्रशासनानेच शिकवले आहे. शिवाय १९ जुलै २०२४ ची घटना आठवा. क्राउडस्ट्राइक कंपनीने दुरून पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख यंत्रे ठप्प झाली. ती फाइल ७८ मिनिटे वाटली जात होती. तेवढा वेळ जी यंत्रे बंद होती, ती वाचली! आणि जी पडली, त्यांतील असंख्य यंत्रांपाशी शेवटी माणसालाच जावे लागले, कारण सुरूच न होणाऱ्या यंत्रापर्यंत दुरून हात पोहोचत नाही.

रेल्वेच्या साथींना मी वेगळे काय सांगू? ब्लॉक घेतल्याशिवाय आपण रूळ उचकटत नाही. वेळ ठरते, प्रायव्हेट नंबरची देवाणघेवाण होते, वहीत नोंद होते, काम संपल्यावर ब्लॉक रद्द होतो. टपालाच्या साथींनीही २०२५ साली पाहिले. नवी प्रणाली आणताना कार्यालयांतील व्यवहार एक दिवस बंद ठेवले आणि खात्याने जनतेला तशी आगाऊ सूचना दिली. ग्राहकाला आधी सांगता येते, तर यंत्रावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला का नाही?

‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ असे उत्तर मिळेल. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : दुरून यंत्र बंद करताना मुदत आणि संदेश दोन्ही देता येतात. विंडोजमध्ये मुदत सांगितली नाही, तर ती ३० सेकंदांची धरली जाते. पण ती १५ मिनिटांचीही करता येते, आणि संपण्यापूर्वी हुकूम रद्दही करता येतो. मुदत संपली की उघडे प्रोग्राम जबरीने बंद होतात आणि न साठवलेले काम जाते. अशा वेळी ३० सेकंदांत पासबुकाची नोंद कशी पुरी करायची?

दुसरी : यंत्र चालूच ठेवायचे असेल, तर पडद्यावरील बंद करण्याचा पर्याय अ‍ॅडमिनिस्ट्रेटर केंद्रातून काढून टाकू शकतो. भिंतीवरील स्विच मात्र त्याला काढता येत नाही. तेथे लेखी सूचनाच लागते.

तिसरी : नीट बंद केलेले यंत्रही नेटवर्कवरून जागे करण्याची सोय असते. त्यासाठी यंत्रात ती आधी चालू करून ठेवावी लागते व प्लगमध्ये वीज असावी लागते. मेन स्विच पाडला की ती सोय संपली. म्हणून ‘यंत्र बंद करा’ आणि ‘मेन बंद करा’ हे दोन वेगळे आदेश आहेत. आपल्या कार्यालयात कोणता लागू आहे, हे लिहून मागा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची : यंत्र स्वतः साक्ष देते. विंडोजच्या नोंदवहीत १०७४ क्रमांकाची नोंद असते. यंत्र कोणत्या नावाने, किती वाजता आणि कोणत्या प्रोग्रामने बंद केले, ते तीत लिहिलेले असते. ६००८ क्रमांकाची नोंद फक्त एवढेच सांगते की यंत्र अचानक बंद पडले. वीज गेली की कोणी स्विच पाडला, हे ती सांगत नाही. तेव्हा केवळ ६००८ दाखवून कोणावर ठपका ठेवला जात असेल, तर तो आपण स्वीकारता कामा नये. मेमो आला की उत्तर देण्यापूर्वी या नोंदीची प्रत लेखी मागा, आणि लवकर मागा. जुन्या नोंदी पुसल्या जाऊन त्यांवर नव्या चढतात.

आपल्या मागण्या सरळ आहेत. दुरून होणाऱ्या कामाची तारीख व वेळ आदल्या दिवशी लेखी कळवावी. कामाच्या वेळेत खिडकीवरील यंत्र कर्मचाऱ्याला विचारल्याशिवाय बंद करू नये. रात्री यंत्र चालू ठेवायचे असेल, तर वीज, आग आणि चोरी यांची जबाबदारी प्रशासनाने लेखी घ्यावी. नोंदवही न तपासता खुलासा मागू नये.

आपलीही कर्तव्ये आहेत. जागेवरून उठताना यंत्र लॉक करा. आपला पासवर्ड सहकाऱ्याला देऊ नका, नाहीतर १०७४ च्या नोंदीत त्याच्या कृत्यापुढे तुमचे नाव लागेल. सूचना आली असेल त्या रात्री यंत्र चालू ठेवा आणि निघण्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहा. यंत्र मध्येच बंद पडले, तर पडद्यावरील संदेश व वेळ टिपून त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा.

दूर बसलेला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरही बहुधा आपल्यासारखाच कर्मचारी असतो, अनेक ठिकाणी तर कंत्राटी. भांडण त्याच्याशी नाही. भांडण आहे ते, नियम न करता दोष देणाऱ्या पद्धतीशी. प्रत्येक शाखेने या मागण्यांचे निवेदन पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावे, एवढे सांगून मी थांबतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!