माहितीची निवडटिपण कोठें करावी?

उन्हाळा लागला कीं लालबागच्या मिरचीगल्लींत गृहिणींची गर्दी होते. कोणी मिरची-धने तेथेंच भाजून, डंकावर कुटून तयार मसाला घरीं नेतात; कोणी सारा जिन्नस घरीं आणून मग निवडतात. मसाला दोन्ही रीतींनीं होतो. परंतु श्रम कोणावर पडतात आणि खडा लागल्यास तो कोठून आला हें कळतें कीं नाहीं, हें त्या निवडीवर अवलंबून असतें. बँकांच्या माहितीविषयींहि आज हाच प्रश्न आहे.

निरनिराळ्या शाखांच्या नोंदी ज्या कोठारांत एकत्र ठेवतात, त्यास डेटा वेअरहाउस म्हणतात. नोंदी मूळ ठिकाणाहून काढणें, शुद्ध करून एका सांच्यांत आणणें आणि कोठारांत भरणें, अशीं हीं तीन कामें. मधलें काम भरण्यापूर्वीं वेगळ्या यंत्रावर करणाऱ्या साधनास ईटीएल म्हणतात. दुसऱ्या पद्धतींत नोंदी आहेत तशा आधीं भरतात आणि कोठाराचा डेटाबेसच त्या शुद्ध करतो.

यांत सामान्य माणसाचें काय जातें? समजा, एका सहकारी बँकेच्या गिरगांव व दादर शाखांत एकाच ठेवीदाराचीं खातीं आहेत. ठेवविम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० रोजीं १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. ती खात्यामागें नसून, एका बँकेंत एकाच नात्यानें ठेवलेल्या सर्व ठेवींना मिळून असते. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनें असें ठरलें कीं, बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध येऊन ठेवी अडकल्यास तिनें ४५ दिवसांत ठेवीदारांची यादी द्यावी आणि विम्याचे पैसे ९० दिवसांत मिळावे. आतां एका शाखेंत संपूर्ण नांव, तर दुसरींत आद्याक्षरें. इंग्रजींत कोठें गिरगांव, तर कोठें गिरगांम. परळ आणि लालबाग यांचा पिनकोड ४०००१२ एकच! दोन समान नांवांचीं माणसें चुकून एक धरलीं, तर एखाद्या निवृत्त गिरणीकामगाराच्या आयुष्यभराच्या पुंजीवर गदा येईल.

जेथें नोंदी अनेक घरच्या, म्हणजे कोठें जुनी फाइल, कोठें निराळ्या बनावटीचा डेटाबेस, अशा असतात, तेथें स्वतंत्र साधन सोयीचें. तें सर्वांकडून नोंदी घेऊं शकतें, सदोष नोंद बाजूस ठेवतें आणि काम कोठवर आलें याचें टिपण राखतें. परंतु कोठारांत असलेल्या लाखों नोंदी त्याच्याकडे नेऊन परत आणावयाच्या, म्हणजे सारा वेळ हेलपाट्यांत जातो. डेटाबेस जागच्या जागीं काम करतो. एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडलेल्या सिद्धांतावर त्याची उभारणी झालेली असल्यानें, एका आज्ञेनें तो संपूर्ण समूहावर क्रिया करतो. जोडणी आणि बेरीज यांत त्याचा हात धरणें कठीण. मात्र अहवाल मागण्याच्या वेळींच हें काम चालू राहिलें, तर दोन्ही कामें खोळंबतात. आणि एका कंपनीच्या डेटाबेसच्या बोलींत लिहिलेले नियम दुसरीकडे नेणें जड जातें.

फोर्टमधील रिझर्व्ह बँकेनें २०१० सालीं बँकांना माहिती आपोआप पाठविण्याची जी दिशा दाखविली, ती येथें बोधप्रद आहे. मूळ नोंदी आवश्यक तितक्या बारकाव्यानें आधीं एका मध्यवर्ती भांडारांत आणाव्या, आणि मग नियमानुसार त्यांना विवरणपत्रांचें रूप द्यावें, अशी ती योजना. ३० जून २०२३ रोजीं त्या बँकेनें आपली नवी केंद्रीय माहिती-व्यवस्थाहि सुरू केली.

यावरून शहाणपणाचा मार्ग दिसतो. आणण्याचें आणि सदोष नोंद अडविण्याचें काम साधनाकडे द्यावें. मोठ्या जोडण्या डेटाबेसकडे, आणि त्याहि रात्रीं, सोंपवाव्या. नोंदी थोड्या व नियम साधे असतील, तर महागडें साधन घेऊंच नये. मात्र कोणतीहि पद्धति पत्करली, तरी मूळ नोंद जशीच्या तशी जपून ठेवावी आणि तींत कोणत्या नियमानें काय बदललें हें लिहून ठेवावें. आपले पैसे कमी कां आले, असें ठेवीदारानें विचारल्यास त्याला दाखवावयास पुरावा हवा. यंत्रानें असें सांगितलें, हें त्याला उत्तर होऊं शकत नाहीं.