पराक्रम आणि पाळणाघर



आपल्या व्याख्यानमालेत एका कार्टूनपटावर बोलायचं ठरवलं, त्याचं कारण आधी सांगतो. निगडीपासून चाकणपर्यंतच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात आज कितीतरी घरांतून आई आणि बाबा दोघंही पाळीला जातात. मागे राहिलेली मुलं पडद्यावर जे पाहतात, त्यातून शूर कोणाला म्हणायचं आणि घर कोणी सांभाळायचं, हे त्यांच्या मनात पक्कं होत जातं. म्हणून 'द इन्क्रेडिबल्स' हा 2004 चा चित्रपट आणि 2018 मध्ये आलेला त्याचा दुसरा भाग मोठ्यांनीही लक्ष देऊन पाहायला हवेत. दोन्ही ब्रॅड बर्ड यांनी लिहिले आणि दिग्दर्शित केले.

कथा एका अचाट कुटुंबाची आहे. बाप बॉब प्रचंड ताकदीचा. आई हेलन रबरासारखी हवी तेवढी ताणली जाणारी. मुलगी व्हायोलेट अदृश्य होते, मुलगा डॅश वाऱ्यासारखा पळतो आणि धाकटा जॅक-जॅक अजून तान्हा आहे. कुटुंबात ज्याची जी जागा, तशी त्याची शक्ती. बापाने बळकट असावं आणि आईने एकाच वेळी चहूकडे पुरं पडावं, ही आपली अपेक्षा इथे चित्रात उतरली आहे.

पहिल्या भागात सरकारने अतिमानवांवर बंदी घातलेली असते. बॉब विमा कंपनीत नोकरी करतो, जुन्या पराक्रमाच्या आठवणीत झुरतो आणि बायकोला न सांगता नव्या मोहिमेवर निघून जातो. हेलन घर चालवत राहते. तो संकटात सापडतो, तेव्हा तीच विमान घेऊन त्याच्या सुटकेला जाते. म्हणजे धाडस तिच्यात पहिल्यापासून होतं, त्याला वाव नव्हता.

दुसऱ्या भागात पारडं फिरतं. विन्स्टन नावाचा एक उद्योगपती अतिमानवांची प्रतिमा सुधारायला निघतो आणि हेलनला निवडतो. कारण तो हिशेबाने सांगतो : बॉबच्या तुलनेत हेलनच्या कामात नुकसान कमी होतं. बॉब घरी राहतो. मुलाचं गणित, मुलीचं दुखावलेलं मन आणि रात्रभर न झोपणारा जॅक-जॅक यांनी तो पार थकून जातो. तेव्हा पोशाख बनवणारी एडना मोड त्याला समजावते की, नीट केलं तर मुलं वाढवणं हाही पराक्रमच आहे.

एडनाचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण ती ते कोणाला सांगते, इकडे लक्ष द्या. ती ते बॉबला सांगते. हेलन हेच काम वर्षानुवर्षं करत होती, तेव्हा तिला पराक्रमी म्हणावं असं कोणाला सुचलं नव्हतं. पुरुषाने केलं की शौर्य, बाईने केलं की कर्तव्य, असा हा दुहेरी हिशेब आहे. आणि हेलन मोहिमेवर असतानाही मुलगा बूट सापडत नाहीत म्हणून फोन करतो, तो तिलाच.

आपल्याकडची मुलं 'छोटा भीम' पाहतात. भीमाला बळ येतं ते लाडवांतून, आणि ते लाडू टुनटुन मावशीचे. जयजयकार मात्र एकट्या भीमाचा होतो.

पडद्यावरचं हे सारं आपल्या पिंपरीतही घडलेलं आहे. 1974 साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असं तिच्यात लिहिलं होतं. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं. मुलाखतीचं बोलावणं आलं ते पिंपरीचं, आणि त्या टेल्कोत इंजिनिअर झाल्या. पुढे 1981 मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली, ती याच सुधाताईंच्या, म्हणजे लग्नानंतरच्या सुधा मूर्तींच्या, साठवणीतल्या दहा हजार रुपयांवर. मात्र नवरा-बायकोपैकी एकानेच कंपनीत राहायचं ठरलं आणि बाहेर राहिल्या त्या सुधाताई. पोस्टकार्डाची गोष्ट आपण मुलींना अभिमानाने सांगतो. ही दुसरी गोष्ट मुलांनाही सांगायला हवी.

आज चित्र पुष्कळ बदललं आहे. टाटा मोटर्सच्या इथल्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी या गाड्यांची लाईन महिला चालवतात. चाकणला बजाजच्या मोटरसायकली जोडणाऱ्या मुली आहेत. गावाकडून आयटीआय, डिप्लोमा करून आलेल्या या मुली टॉर्क गन सफाईने चालवतात, खोलीचं भाडं स्वतःच्या पगारातून भरतात, घरी पैसे पाठवतात. हा बदल मोठा आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण बायका कामात नेटक्या, सुट्ट्या कमी घेतात, म्हणून त्यांना घ्यावं असं जेव्हा ऐकतो, तेव्हा विन्स्टनचा हिशेब आठवतो. काम येतं, म्हणून काम मिळावं. एवढं कारण पुरेसं असलं पाहिजे.

आता घराकडे वळू. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देत होत्या आणि पुरुष 97. 2024 मध्ये हे आकडे 289 आणि 88 झाले. दोघांचंही काम थोडं कमी झालं, पण दोघांमधलं अंतर 202 मिनिटांवरून 201 वर आलं. पाच वर्षांत एक मिनिट! बाई लाईनवर आली, पुरुष मात्र ओट्यापाशी आला नाही.

आणि आपण तिला हिरकणी म्हणतो. ती दंतकथा पुन्हा नीट ऐका. हिरकणी दूध विकायला रायगडावर गेलेली, म्हणजे कामावर गेलेली बाई. तिला उशीर झाला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ होतं. ती कडा उतरली, ती नाइलाजाने. आपण साडेतीनशे वर्षं त्या कड्याचं कौतुक करतो आहोत. बाळाजवळ बसायला कोणी का नव्हतं, हे फारसं कोणी विचारत नाही. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष उभे राहिले, ते मला त्या कौतुकापेक्षा मोलाचे वाटतात. तिथे बाईकडून शौर्य मागितलेलं नाही, तिची सोय केली आहे.

कायद्यालाही हे उशिराच उमगलं. 1948 च्या कारखाना कायद्यातलं पाळणाघर कामगार स्त्रियांची संख्या मोजून ठरत असे, जणू मूल एकट्या आईचंच. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सांगितलं. त्या मोजणीत पुरुषही आले.

म्हणून माझं मागणं या सभागृहातल्या पुरुषांकडे आहे. तुम्ही युनियनमध्ये असाल, तर पुढच्या वेतनकराराच्या मसुद्यात बोनसच्या बरोबरीने पाळणाघर लिहा. व्यवस्थापनात असाल, तर बसच्या आणि पाळीच्या वेळा ठरवताना शाळा सुटण्याची वेळ विचारात घ्या. शाळेच्या नोंदीत पहिला फोन नंबर बाबांचा द्या आणि तो फोन आला की उचला. घरी दोन्ही वेळचा स्वयंपाक करा, पण त्यासाठी टाळ्यांची अपेक्षा ठेवू नका, कारण बायकोने ती कधीच ठेवली नाही.

आपल्या मुलींना धाडस करायचं असेल तर ते त्यांना हव्या असलेल्या कामासाठी, हव्या असलेल्या शिखरासाठी करू द्या. रोज बाळाला सोडून पहिल्या पाळीची बस गाठणं हे धाडस असता कामा नये. ते सोपं करणं आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी कुणाहीपाशी अचाट शक्ती असण्याची गरज नाही.