हात थकले म्हणून नाव कापू नका
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेतील भाषण)



आज पुढच्या रांगेत बसलेल्या मावश्या आणि आज्यांबद्दल बोलायचंय. आपण दर बैठकीत बचत मोजतो, कर्ज मोजतो. पण नेहमी येणारी मावशी दोन बैठका झाल्या दिसली नाही, ती का आली नाही, हे विचारतो का?

उभा जन्म खुरपणी, कापूस वेचणी आणि डोक्यावर पाणी. गुडघे बोलणारच! मजुरी थांबली की बचत थांबते, बचत थांबली की कर्ज मागायला तोंड राहत नाही. मग ती स्वतःच म्हणते, "माझं नाव काढा बाई." नाव काढलं की पैशापेक्षा मोठं काहीतरी जातं. आपल्याला कुणी विचारतं, हे समाधान जातं. घरी ती नातवंडं सांभाळते, धान्य निवडते, शेंगा फोडते. तरी लोक म्हणतात, "आता काही करत नाही." मग हे काम नाही तर काय?

दुसरं सांगते. प्रत्येक दुखणं "वय झालं" म्हणून सोडू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होतं. ज्या मावशीला ऐकू कमी येतं ती बैठकीत गप्प बसते, आणि आपल्याला वाटतं तिला कळतच नाही. तिचे कान तपासून घ्या.

तिसरं हक्काचं. लाडक्या बहिणीचे पैसे 65 वर्षांपर्यंतच मिळतात. पुढे श्रावणबाळ योजना आहे, महिना 1500 रुपये. पण ते आपोआप सुरू होत नाहीत. तहसीलला अर्ज करावा लागतो. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा 21,000 रुपयांच्या आतल्या वार्षिक उत्पन्नाचा दाखला लागतो. आधारवरची जन्मतारीख आधीच तपासून ठेवा. सत्तरी पूर्ण झाली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही. मुलं सांभाळत नसतील तर 2007 च्या कायद्यानं प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहाची रक्कम मागता येते. काही अडलं तर 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत.

आता आपलं काम. शासकीय योजनांचा लाभ आपल्या दशसूत्रीतच आहे, तेव्हा या महिन्यात प्रत्येक गटानं तीन गोष्टी कराव्यात.

एक, साठीच्या पुढच्या सदस्यांची यादी करा आणि एकेकीचे कागद एकेका तरुण सदस्याकडे सोपवा.

दोन, जिला झेपत नाही तिची बचत कमी करण्याचा ठराव घ्या, पण नाव ठेवा.

तीन, जिला चालवत नाही तिच्या ओसरीवर बैठक भरवा. आणि तिला नुसतं बसवू नका. बियाणं कसं राखायचं, पापडाचं पीठ कितपत घट्ट, कुणाला कर्ज दिलं तर फिटेल, हे तिला विचारा. तिचं ऐका आणि तिचं मत तिच्या नावानिशी इतिवृत्तात लिहा.

पुढच्या सभेत प्रत्येक गटानं किती मावश्या परत आल्या, ते सांगायचं. जय हिंद, जय महाराष्ट्र.