बॅटरीखोलीतला माणूस

गोदामं, कारखाने, बंदरं इथून आलेल्या देखभाल खात्यातल्या मित्रांनो,

अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. तो कार्यवाहांच्या अहवालात छापलेला आहे, मी पुन्हा वाचत नाही. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे आणि ती मी बरीच वर्षं मनात ठेवली आहे.

सकाळी डिझेल फोर्कलिफ्ट की इलेक्ट्रिक, यावर दोन तास वाद झाला. उघड्या यार्डात, चिखलात, चढावर खुशाल डिझेल घ्या. टाकी भरली की गाडी कामाला लागते. बंद गोदामात मात्र डिझेल नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. त्याच्या कितीतरी आधी भिवंडीच्या एका सुताच्या गोदामात, पावसाळ्यात शटर ओढलेली असताना, माथाडी डोळे चोळत, डोकं धरून बाहेर येऊन बसत. ते मी रोज पाहिलं आहे.

त्या गोदामाने पुढे इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या. चौदा महिन्यांनी मला निरोप आला, गाडी दोन तासही चालत नाही. मी बॅटरीची झाकणं उघडली. ४८ व्होल्टची बॅटरी, २ व्होल्टचे २४ सेल. निम्म्याहून जास्त सेलमध्ये प्लेटा कोरड्या पडलेल्या, उरलेल्यांत नळाचं पाणी. हे बघतं कोण, म्हणून विचारलं. ज्याला वेळ मिळेल तो, असं उत्तर आलं. ‘इलेक्ट्रिक आपल्याकडे टिकत नाही’ असं ठरलं, डिझेल परत आलं आणि माथाडी पुन्हा बाहेर येऊन बसू लागले.

टिकत कशी नाही? भोसरीच्या एका कारखान्यात तशीच बॅटरी आठ वर्षं चालली. तिथे बॅटरीखोलीत एक गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. शिक्षण सातवी. चार्जिंगच्या वेळी पातळी वर येते, म्हणून पाणी चार्जिंग पुरं झाल्यावरच घालायचं, नाहीतर ॲसिड उतू जातं, हे ते इंजिनियरांना बजावत. खोलीची खिडकी कुणाला लावू देत नसत. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. दर आठवड्याला चोवीसही सेलांना हायड्रोमीटर लावायचे आणि आकडा वहीत लिहायचे.

खर्चकपातीत त्यांची जागा गेली. ज्या बैठकीत ते ठरलं त्या बैठकीत मी होतो आणि गप्प बसलो. पुढची बॅटरी दोन वर्षांत भंगारात गेली. एका पगाराच्या किती पट पैसे त्यात बुडाले, हे कुणी मांडून पाहिलं नाही. खरेदी खातं गाडीची किंमत बघतं, फार तर डिझेल आणि विजेचा खर्च बघतं. माणूस त्या तक्त्यात येतच नाही. माझी तक्रार आहे ती ही.

तरुण मित्र म्हणतील, लिथियम आलं, आता पाण्याची कटकट मिटली. मिटली, खरं आहे. जेवणाच्या सुट्टीत चार्जिंगला लावली तरी चालते. पण फोर्कलिफ्टमध्ये बॅटरीचं वजनच पुढच्या मालाला तोलून धरतं, म्हणून किमान किती वजनाची बॅटरी हवी ते गाडीच्या पाटीवर लिहिलेलं असतं. एका गोदामात हलकी लिथियम बॅटरी बसवली आणि कमी झालेलं वजन भरून काढलंच नाही. रोजचाच माल उचलताना मागची चाकं जमिनीपासून सुटली. ड्रायव्हर बचावला. ती पाटी वाचेल असा माणूस तिथे नेमलेलाच नव्हता. पाणी घालायचं नसलं म्हणून माणूस नको, हा हिशेब मला मान्य नाही, कधीच होणार नाही.

बॅटरीखोलीसाठी मराठीत एक पुस्तिका निघावी, भिंतीवर लावायचा तक्ता व्हावा, या कामासाठी नेमलेल्या माणसाला हुद्दा मिळावा. कसं आणि कुणी करायचं, ते नव्या कार्यकारिणीने बसून ठरवावं.

मामांनी निघताना वही माझ्या हातात दिली होती. ती आज बरोबर आणली आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत इथे टेबलाशी यावं.