तेलाच्या वाटेवरचे दार

श्रोतेहो, पिकाला पाणी देताना दारे धरणारा माणूस काय करतो, हे तुम्हांला सांगायला नको. एक वाफा भिजला की तो त्याचे तोंड बुजवतो आणि दुसऱ्याचे फोडतो. मोटारीच्या गिअरपेटीपाशीही पुष्कळदा असा एक दारेकरी बसवलेला असतो. त्याचे नाव थर्मोस्टॅट.

ज्या मोटारींत गिअर आपोआप बदलतात, त्यांतल्या पुष्कळांत इंजिनाची शक्ती तेलामार्फत पुढे जाते. तेल घुसळले जाते नि तापते. भरल्या गाडीने घाट चढताना तर फारच. म्हणून ते नळीने कूलरमध्ये नेऊन निववतात. मग सदाच निववावे, दार कशाला? तर थंडीत खोबरेलाची बाटली उपडी करून पाहा. गिअरपेटीचे तेल तसे थिजत नाही, पण गारठ्यात दाट मात्र होते. दाट तेल रेटायला शक्ती खर्ची पडते, गिअर अडखळत बदलतात. म्हणून प्रारंभी थर्मोस्टॅट कूलरची वाट जवळजवळ बंद ठेवतो आणि तेल जवळच्या वाटेने माघारी येते. साधारण ७०-८० अंश सेल्सिअसला, गाडीगणिक आकडा निराळा, कूलरची वाट उघडू लागते.

हे त्याला कळते कसे? धातूच्या कुपीत मेण भरलेले असते, बस्स! शिक्षकमंडळींनी वर्गात वाटीभर मेण वितळवून निवू द्यावे. मधोमध खळगा पडतो. म्हणजे थिजताना मेण आकसते, वितळताना फुगते. बंद कुपीत फुगायला जागा कुठली? ते एक बारीक दांडी बाहेर रेटते, दांडी झडप सरकवते. तेल निवले की स्प्रिंग झडप मागे लोटते. इतका इमानी नोकर मला दुसरा ठाऊक नाही!

आणि तरीही गाडी तापली की कोणीतरी सांगतोच, “काढून टाका हो ते!” मुळीच ऐकू नका. काही रचनांत झडप काढली की जवळची वाट कायमची उघडी राहते, आणि तेलही पाण्यासारखेच सोपी वाट धरते. कूलरकडे पुरेसे जातच नाही. मग ते काळे पडते, करपल्याचा वास येतो, आतल्या क्लचच्या चकत्या घसरू लागतात. झडपेच्या कितीतरी पट खर्च तिथे येतो.

कुपीतले मेण गळाले तर दार बंदच राहते, तेव्हाही हेच घडते. गाडी तासभर ओझे ओढून आली आणि तरी वाऱ्यावर निवणारा तेलाचा कूलर गारच असला, तर कारागिराकडून थर्मोस्टॅट तपासून घ्यावा, आणि बिघडला असल्यास त्याच अंशांचा नवा बसवावा.